अठ्ठेचाळीस व्होल्टांची राखण



निवृत्त माणसाला लग्नकार्यात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "वेळ कसा घालवता?" आणि दुसरा, "तुम्ही नेमके कशात होतात हो?" पहिल्याचं उत्तर माझ्याकडे तयार आहे. डिसेंबरात तानसेन समारोह, एरवी नातीचा अभ्यास आणि बारा महिने मंडळाची कामं. दुसऱ्या प्रश्नाला "टेलिफोन खात्यात" असं म्हटलं की समोरचा विचारतो, "म्हणजे खांबावर चढायचात?" मग मी हसून विषय बदलतो. कारण माझी निम्मी नोकरी एक्स्चेंजच्या मागच्या खोलीत गेली आणि त्या खोलीबद्दल पंगतीत सांगायला बसलो तर जिलबी येऊन जाईल.

त्या खोलीला पॉवर रूम म्हणतात. चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांनी तिचा अनुभव घेतलेला आहे, फक्त तिचं नाव त्यांना ठाऊक नाही. आठवून पाहा. लष्करात, मुरारमध्ये, कुठेही वीज गेली की पंखा थांबायचा, दिवे जायचे, रेडिओ गप्प व्हायचा. पण कोपऱ्यातला काळा फोन उचलला की त्यात 'टूंऽऽ' असा आवाज असायचाच. तो आवाज आमच्या खोलीतून यायचा. फोनला लागणारी वीज तुमच्या घरच्या मीटरमधून येतच नव्हती. ती त्याच दोन बारीक तांब्याच्या तारांवरून एक्स्चेंजमधून यायची आणि एक्स्चेंजमध्ये ती बॅटरीतून यायची.

या बॅटरीची आणि तिच्या मागच्यापुढच्या यंत्रांची राखण कशी करतात, हे आज सांगणार आहे. शेतात राखणदार असतो ना, रात्रभर जागा असणारा आणि पीक कापताना कुणाला न आठवणारा? तसंच हे काम. आणि हे आत्ताच लिहिण्याचं कारण असं की ती राखणदारी हळूहळू आपल्या घरात येऊन पडली आहे. ते पुढे येईलच.

उणे अठ्ठेचाळीस का?

जगभरात टेलिफोन एक्स्चेंज ४८ व्होल्टांच्या डीसी विजेवर चालतात. शिशाच्या बॅटरीचा एक सेल साधारण २ व्होल्टांचा. असे २४ सेल ओळीनं जोडले की ४८ व्होल्ट होतात. एवढ्या दाबानं काही किलोमीटर लांबच्या फोनपर्यंत प्रवाह पोहोचतो आणि तारेला हात लागला तरी माणूस सहसा दगावत नाही. दोन्ही बाजूंनी जमणारा असा हा आकडा आहे.

गंमत पुढे आहे. या बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडलेलं असतं, म्हणून आम्ही 'उणे ४८' म्हणायचो. नवीन मुलं हमखास विचारायची, उलटं का? कारण जमिनीखालून जाणाऱ्या तांब्याच्या तारा. ओल लागली आणि तार जमिनीच्या मानानं धन असली तर तांबं हळूहळू झिजून मातीत जातं. तार ऋण ठेवली की ती झीज टळते. म्हणजे पार बॅटरी कशी जोडायची इथपासूनच राखण सुरू होते, आणि तीही कुणाची, तर शहरभर पुरलेल्या केबलची.

आता खोलीची रचना सोपी करून सांगतो. एका बाजूनं बाहेरची २३० व्होल्टांची वीज येते. मध्ये रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारं यंत्र. त्याच्या दुसऱ्या बाजूला बॅटरी आणि एक्स्चेंज दोन्ही एकाच पट्टीला जोडलेले. वीज असताना रेक्टिफायर एक्स्चेंजही चालवतो आणि बॅटरीलाही भरलेली ठेवतो. त्यासाठी पट्टीवर साधारण ५४ व्होल्ट ठेवतात. वीज गेली की बॅटरी आपोआप भार घेते. मध्ये खटका नाही, क्षणाचाही खंड नाही. बोलणाऱ्याला कळतही नाही.

या व्यवस्थेला दोन दारं. येणाऱ्या विजेचं म्हणजे इनपुटचं, आणि जाणाऱ्या विजेचं म्हणजे आउटपुटचं. दोन्ही दारांवर पहारा लागतो, पण दोन्हीकडचे चोर वेगळे.

येण्याचं दार

ग्वाल्हेरच्या विजेशी ज्यांचा संसार झाला आहे त्यांना इनपुटची दुखणी सांगायला नकोत. उन्हाळ्यात व्होल्टेज १५० वर रांगतं, पहाटे चारला २६० वर जातं. त्याहून वाईट म्हणजे न्यूट्रल तुटणं. तीन फेजच्या जोडणीत मधली न्यूट्रल तार सुटली की ज्या फेजवर भार कमी, तिथलं व्होल्टेज चारशेच्या दिशेनं चढायला लागतं. एका गल्लीतले सगळे टीव्ही एका संध्याकाळी गेले, असं ऐकलं की बहुतेक वेळा कारण हेच असतं.

यासाठी रेक्टिफायरला मर्यादा घालून दिलेल्या असतात. आमची नंतरच्या काळातली एसएमपीएस यंत्रं साधारण ९० ते ३०० व्होल्टांपर्यंत काम करायची. त्याबाहेर गेलं की स्वतःच दार लावून बसायची आणि वीज ताळ्यावर आली की आपणच परत सुरू व्हायची. सुरू होतानाही एकदम नाही. काही सेकंद घेत, हळूहळू भार उचलायचा, म्हणजे नुकत्याच सुरू झालेल्या जनरेटरचा दम लागत नाही. दुपारच्या झोपेतून उठवलेल्या माणसाला आपण लगेच पोतं उचलायला लावत नाही, तसंच.

आकाशातल्या विजेची गोष्ट निराळी. तिचा तडाखा सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत मोजतात. घरातला एमसीबी तेवढ्यात जागाही होत नाही. तिथे सर्ज प्रोटेक्टर लागतो. त्याच्या पोटात एक चकती असते. नेहमीच्या व्होल्टेजला ती जवळजवळ बंद दारासारखी असते, पण व्होल्टेज मर्यादेबाहेर उसळलं की ती क्षणात वाट मोकळी करते आणि तो लोंढा जमिनीत उतरवते. काम झालं की पुन्हा बंद. असे घाव झेलून झेलून एक दिवस ती स्वतः संपते, म्हणून तिच्यावर छोटी खिडकी असते. हिरवी म्हणजे जिवंत, लाल म्हणजे बदला. पाऊस संपला की त्या खिडक्या पाहत फिरणं हे माझं ठरलेलं काम होतं.

एकाच प्रोटेक्टरवर भागत नाही. आपल्या किल्ल्यावर चढताना आलमगिरी दरवाजापासून हत्तीपोळपर्यंत एकामागून एक दरवाजे लागतात ना, तसा पहारा टप्प्याटप्प्यानं ठेवावा लागतो. पहिला मोठा लोंढा इमारतीत शिरतानाच अडवतो, दुसरा उरलेलं झेलतो, तिसरा यंत्राच्या अगदी तोंडाशी असतो. आणि या प्रोटेक्टरची तार आखूड लागते. विजेच्या तडाख्यात तारेच्या एका मीटरमागे हजारेक व्होल्ट वाढू शकतात. व्यवस्थित दिसावी म्हणून कुणी तार भिंतीवरून सुबक वळणं देत नेली, तर दिसायला छान आणि उपयोगाला शून्य.

किल्ल्याचीच आणखी एक आठवण इथे कामाला येते. १७८० च्या ऑगस्टात कॅप्टन पॉपहॅमनं महादजी शिंद्यांच्या ताब्यातला हा किल्ला घेतला, तो एकही दरवाजा न फोडता. रात्री शिड्या लावून त्याची माणसं तटावरून आत उतरली. एक्स्चेंजचंही असंच आहे. सगळा पहारा मेन्सच्या दारावर ठेवला आणि वीज शहरभर पसरलेल्या टेलिफोनच्या तारांवरून आत आली तर? म्हणून प्रत्येक जोडतारेवर वायू भरलेली छोटी नळी बसवतात. तीसुद्धा जास्तीचं व्होल्टेज जमिनीत सोडते. आणि हे सगळे पहारेकरी शेवटी ज्या अर्थिंगवर विसंबून असतात, ते खड्ड्यातलं अर्थिंग उन्हाळ्यात कोरडं पडतं. मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादल्या ओतताना मला पाहून एका शेजाऱ्यानं विचारलं होतं, "साहब, क्या बोया है?"

जाण्याचं दार

लोकांना २३० व्होल्टांची भीती वाटते, ४८ ची वाटत नाही. पॉवर रूममध्ये आम्ही दोघांनाही वचकून असायचो. बॅटरीचा दाब कमी, पण ताकद अफाट. मोठ्या बॅटरीच्या दोन पट्ट्यांवर पाना पडला तर हजारो अँपिअर वाहतात. पाना लाल होतो, वितळतो, शिशाचे शिंतोडे उडतात. म्हणून पान्यांना टेप गुंडाळलेली आणि बोटातली अंगठी खिशात. माझी लग्नातली अंगठी इतकी वर्षं खिशात राहिली की सौ. ने तो विषय शेवटी सोडून दिला.

दुसरी अडचण डीसीची. घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे खटका उघडला की ठिणगी त्या शून्यावर विझते. डीसीला असा विसावाच नाही. खटका उघडला तरी ठिणगी दोन टोकांमध्ये ताणून जळत राहते. म्हणून डीसीसाठी वेगळे ब्रेकर आणि जाड पोटाचे फ्यूज लागतात. त्या फ्यूजच्या आत बारीक वाळू भरलेली असते. तार वितळली की ठिणगीच्या उष्णतेनं आसपासची वाळूही वितळते आणि काचेसारखी होऊन वाट बंद करते. जळालेला फ्यूज फोडून तो काचेचा खडा मी माझ्या मुलाला शाळेत न्यायला दिला होता.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फ्यूजची उतरंड. एका रॅकमधल्या एका कप्प्याला ६ अँपिअरचा, पूर्ण रॅकला ६३ चा, बॅटरीला दोन-चारशेचा. एका कप्प्यात बिघाड झाला तर फक्त त्याचा ६ चा जळावा. वरचे जागचे हलता कामा नयेत. कुणी "सारखा जळतो" म्हणून सहाच्या जागी जाड तार बसवली, तर पुढच्या बिघाडात सगळं एक्स्चेंज काळोखात जातं. रेक्टिफायरचंही तेच. चार रेक्टिफायर एकत्र चालत असताना एकाचं डोकं फिरून तो व्होल्टेज चढवायला लागला, तर त्या एकट्यानंच बाजूला व्हावं, बाकी तिघांना ओढू नये.

उरली बॅटरी. तिला बाहेरच्यापासून जपतो, तसंच तिला तिच्या भलेपणापासूनही जपावं लागतं. ती मागाल तेवढं देत राहते. २४ सेलमधला एखादा अशक्त असतो, तो आधी रिकामा होतो. तरी बाकीचे प्रवाह ढकलत राहिले तर तो उलटा भरायला लागतो आणि कायमचा जातो. म्हणून एका ठरावीक व्होल्टेजला बॅटरी भारापासून तोडणारा कॉन्टॅक्टर बसवतात. आमच्याकडे तो ४४.४ वर लावलेला असायचा, सेलमागे १.८५. जयविलास पॅलेसच्या जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी तुम्ही पाहिली असेल. सुरई उचलली की गाडी आपोआप थांबते, असं तिथे सांगतात. हा कॉन्टॅक्टर तसाच, कुणी न सांगता थांबवणारा. मात्र त्यानं भार तोडला की बॅटरीचं व्होल्टेज लगेच थोडं वर येतं. तेवढ्यावर भुलून तो परत जोडला गेला तर रात्रभर खट-खट करत बसेल. म्हणून पुन्हा जोडण्याची रेषा बरीच वर आखलेली असते.

त्यात आपला उन्हाळा. बॅटरीचं आयुष्य साधारण २५ अंशांना धरलेलं असतं आणि त्यावर दर १० अंशांमागे ते निम्म्यावर येतं, असा ढोबळ हिशेब आहे. ग्वाल्हेरच्या ४५ अंशांत बंद खोलीत बॅटरी किती लवकर म्हातारी होत असेल, ते पाहा.

जुलै १९९९

तेव्हा माझी नेमणूक भिंडच्या बाजूला एका कसब्यात होती. दोनेकशे ग्राहकांचं छोटं एक्स्चेंज, भाड्याच्या दोन खोल्यांत. कारगिलचं युद्ध चालू होतं. ग्वाल्हेरच्या महाराजपूर तळावरून मिराज विमानं त्या युद्धात गेली होती, हे आपल्याला ठाऊक आहेच. पण भिंड-मुरैना भागात फौजेत मुलगा नाही असं घर शोधावं लागतं. त्या दिवसांत कसब्यातल्या दोन एसटीडी बूथवर रात्री उशिरापर्यंत माणसं बसून असायची. फोन लावायला नव्हे, येईल म्हणून.

एका दुपारी तीन वाजता वादळात वीज गेली. संध्याकाळी जनरेटर चालवला. रात्री दहाला डिझेल संपलं आणि नाल्याला पूर आल्यामुळे डिझेलचा ट्रॅक्टर पलीकडेच अडकला. बॅटरी जुनी. रात्री एकला मीटरवर ४७.२ दिसत होतं. शेवटाकडे बॅटरी वेगानं घसरते. त्या चालीनं चारच्या आसपास कॉन्टॅक्टर पडला असता आणि सगळं गाव एकदम मुकं झालं असतं.

बूथवाल्यासोबत दोन-तीन माणसं एक्स्चेंजला आली. त्यातल्या एकाला थोडंफार विजेचं कळत होतं. तो म्हणाला, "साहब, एक तार डाल दो, चलने दो." म्हणजे कॉन्टॅक्टरला वळसा घालून बॅटरी सरळ जोडून टाका. त्याचं म्हणणं चुकीच्या हेतूनं नव्हतं. त्याचा पुतण्या द्रासला होता. मी त्याला खोलीत नेलं, २४ सेल दाखवले आणि सांगितलं की तार टाकली तर आज दीड-दोन तास जास्त मिळतील. पण यातले दोन-तीन सेल गेले, तर नवे येईपर्यंत दर वेळी वीज गेली की फोन जाईल. उद्याही, परवाही.

मग आमचे लाइनमन दादा आणि मी टॉर्चच्या उजेडात ग्राहकांची यादी घेऊन बसलो. भिंडशी जोडणारं यंत्र चालू ठेवायचं, त्याशिवाय बाकी सगळं फोल. दवाखाना, ठाणं, दोन्ही बूथ, बस अड्डा ठेवायचा. बाकी ग्राहकांची कार्डं एकेक करून बाहेर. गल्ल्याचे व्यापारी गेले, सरपंच गेले, आम्हाला खोल्या भाड्यानं देणारे घरमालक गेले, माझं क्वार्टर गेलं. दादा दर कार्डागणिक नावं मोठ्यानं वाचायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी 'हो' म्हटलं की खेचायचे. एकेका कार्डावर आठ घरं. खाजगी डॉक्टरांची लाइन ज्या कार्डावर होती ते ठेवलं, त्यामुळे त्यांच्यासोबतची सात घरं नशिबानं वाचली. मीटरचा काटा किंचित वर चढला.

पाचच्या सुमाराला एका बूथवर उधमपूरच्या लष्करी इस्पितळातून फोन आला. पायाला लागलंय, मी ठीक आहे, एवढंच. तो त्या तार टाकायला सांगणाऱ्याचा पुतण्या नव्हता, दुसऱ्याच गल्लीतला मुलगा होता. त्याच्या आईला उठवून आणेपर्यंत फोन धरून ठेवला होता. साडेसहाला ट्रॅक्टर नाला ओलांडून आला तेव्हा मीटरवर ४५.३ होतं. कॉन्टॅक्टर पडला नाही.

सकाळी दादा सायकलवरून बंद केलेल्या घरांत सांगत फिरले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी रात्री तीनला डॉक्टरांना फोन लावायचा प्रयत्न केला होता. बायकोला दम्याचा त्रास झाला होता. फोन मुका म्हणून ते चिखलातून चालत गेले आणि डॉक्टरांना घेऊन आले. बाई बऱ्या होत्या. मी त्यांच्या घरी जाऊन कारण सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "पहले बता देते, तो मैं शाम को ही उधर सो जाता."

त्या रात्रीची यादी आजही मी तशीच करीन. पण त्यांचं वाक्य मी पुढच्या प्रत्येक नेमणुकीत वापरलं. कुणाला आधी तोडायचं हे पावसाळ्याआधीच ठरवायचं, कागदावर लिहायचं आणि ज्यांचा फोन जाणार आहे त्यांना आधी सांगायचं. पुढे मोबाइलच्या टॉवरवर हीच रीत यंत्रात आली. बॅटरी उतरू लागली की आधी कमी महत्त्वाचा भार सुटतो आणि पुढच्या टॉवरांना जोडणारा दुवा शेवटपर्यंत धरून ठेवला जातो.

राखणदारच चकला तर

पहाऱ्याची दुसरी बाजूही ग्वाल्हेरच्याच नावानं इतिहासात नोंदली गेली आहे. ३० जुलै २०१२ च्या पहाटे अडीचच्या सुमारास बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन बंद पडली. तिच्या जोडीची दुसरी लाइन कामासाठी आधीच बंद होती, त्यामुळे हिच्यावर भार फार होता. लाइनवर कुठेही शॉर्ट सर्किट नव्हतं. पण प्रवाह जास्त आणि व्होल्टेज कमी, हे पाहून संरक्षक रिलेला लांब कुठेतरी बिघाड झाल्यासारखं वाटलं आणि त्यानं लाइन तोडली. तो भार दुसऱ्या वाटांवर गेला, त्याही तुटत गेल्या आणि सगळा उत्तर ग्रिड अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी एकला पुन्हा याच लाइनपासून सुरुवात झाली. त्या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन ग्रिड बसले. साठ कोटींहून अधिक लोक राहतात असा तो भाग.

रिले नादुरुस्त नव्हता. त्याला जे शिकवलं होतं तेच त्यानं केलं. राखणदार ठेवला की काम संपत नाही. कशाला चोर म्हणायचं आणि कशाला पाहुणा, हे त्याला नीट सांगावं लागतं आणि परिस्थिती बदलली की पुन्हा सांगावं लागतं. त्या दोन दिवसांत ज्या टॉवर आणि एक्स्चेंजांजवळ बॅटरी आणि डिझेल होतं, ते बोलत राहिले.

आता आपल्या घरात

माझी मावशी ८४ वर्षांची. दौलतगंजात एकटी राहते, मुलगा कॅनडात. तिचा तांब्याच्या तारेचा जुना फोन जाऊन आता फायबर आलं. आवाज स्वच्छ, वर इंटरनेट. पण काचेच्या धाग्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. एक्स्चेंजच्या बॅटरीचा आणि तिच्या फोनचा संबंध तुटला. घरातला तो छोटा डबा आता घरच्या विजेवर चालतो. मागच्या मे महिन्यात आंधी आली, पाच तास वीज गेली, फोन गेला, मोबाइलची बॅटरी संपली होती. रात्री अकराला कॅनडाहून मावसभावाचा घाबरलेला आवाज, "दादा, आई फोन उचलत नाहीये." मी स्कूटर काढून गेलो. मावशी गच्चीवर पंखा हलवत बसली होती, आणि इतक्या रात्री आल्याबद्दल उलट मलाच ओरडली.

आपल्यातल्या कितीतरी घरांची ही स्थिती आहे. आई-वडील ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैनला आणि मुलं पुण्याला, बंगळुरूला नाही तर परदेशात. म्हणून चार गोष्टी सांगतो, खर्च फार नाही.

घरात तीन राखणदार असावेत आणि तिघांचं काम वेगळं आहे. एमसीबी तारा वाचवतो, सर्ज प्रोटेक्टर उपकरणं वाचवतो आणि आरसीसीबी माणसं वाचवतो. एक आहे म्हणून दुसरा नको, असं करू नका. आरसीसीबीला चाचणीचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहा. जुन्या वाड्यांचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घाला, शेजारी हसले तरी. फ्यूज सारखा जात असेल तर कारण शोधा, जाड तार घालू नका.

फायबरच्या डब्याला इन्व्हर्टरची जोडणी द्या, किंवा त्याच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावा. डब्याचा अॅडॉप्टर किती व्होल्टचा आहे ते आधी वाचा. इन्व्हर्टरही बॅटरी उतरली की स्वतः बंद होतो. 'साहेब, ते काढून टाकतो, जास्त चालेल' म्हणणारा मेकॅनिक भेटला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

आणि यादी करा. इन्व्हर्टरवर काय राहील आणि काय नाही, हे कागदावर लिहून मीटरच्या पेटीच्या दारावर चिकटवा. मावशीच्या घरी आम्ही बसून केली. फोनचा डबा, मोबाइलचा चार्जर, झोपायच्या खोलीतला दिवा आणि पंखा, बस. टीव्हीवरून वाद झाला. मालिका आठ वाजता असते, तो भार सोडता येणार नाही, असं तिचं म्हणणं. शेवटी असं ठरलं की वीज गेल्यावर पहिला अर्धा तास टीव्ही चालेल, मग ती स्वतः बंद करील. यादीची एक प्रत कॅनडाला पाठवली आहे, म्हणजे वीज गेली तरी काय चालू असेल हे त्यालाही माहीत असेल. शेजारच्या काकूंचा नंबर त्याच कागदाखाली लिहिला आहे.

पावसाळा तोंडावर आला आहे. या रविवारी अर्धा तास काढून आपल्या घरची यादी तेवढी करून टाका.